हातमोजे वाटतात, नकाशे कुणी वाटत नाही

मागे परत एकदा तो मेसेज आला. रविवारी सकाळी 7 ला नदीस्वच्छता, टी-शर्ट आणि हातमोजे मिळतील, नाष्ट्याला पोहे. मी गेले. मी दरवेळी जाते, कारण एक तर घर नदीपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि दुसरं म्हणजे रिटायर झाल्यापासून रविवार आणि बुधवार सारखेच. दोन तास आम्ही साठ-सत्तर जण पुण्यात मुठेच्या काठावर वाकून वाकून प्लास्टिक, थर्माकोल, फाटक्या गाद्या, काच तडकलेल्या देवांच्या तसबिरी (हा प्रकार मला कधीच कळलेला नाही, देव जुना झाला की नदीत?), गाठ मारलेल्या पिशवीतलं निर्माल्य असलं सगळं काढत होतो. गाडी भरली, ग्रुप फोटो झाला. आणि या सगळ्या वेळात आमच्यापासून जेमतेम वीस पावलांवर एक नाला काळंशार पाणी धो धो नदीत ओतत होता, वास असा की पोहे घशाखाली उतरेनात, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून गुटख्याच्या पुड्या वेचत होतो. मी संयोजक मुलाला विचारलं, अरे याचं काय? तो बिचारा गोड हसून म्हणाला, "काकू, ते आपल्या स्कोपमध्ये नाही."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्या मुलाची चूक नाही, तो मनापासून करतो सगळं. पण विचार करा ना, गेली कित्येक वर्षं नदीसाठी आपल्याला बोलावतात ते फक्त वाकायला. झाडू घ्या, हातमोजे घ्या, शपथ घ्या. नाला कुठे वळवायचा, शुद्धीकरण केंद्र किती मोठं बांधायचं, भिंत कुठे घालायची, पैसा आधी कशावर घालायचा, हे ठरतं तेव्हा आपण घरी असतो. आणि कधी चुकून बोलावलंच तर आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मग आपण "नदी वाचवा" असं म्हणून खाली बसतो आणि समोरचा साहेब घड्याळ बघतो.

आता कुणी म्हणेल सामान्य माणसाला हे टेक्निकल कसं कळणार. मी 31 वर्षं बँकेत काढली, त्यामुळे "सामान्य माणसाला कळत नाही" हे वाक्य मी स्वतः काऊंटरच्या आतून बरेचदा बोललेय, त्याबद्दल मला आता जरा लाजच वाटते. माणसाला कळतं, त्याच्या पार्किंगपर्यंत आलं की बरोबर कळतं. क्युसेकचंच घ्या. 25 जुलै 2024 ला पहाटे सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं, खडकवासला धरणातून विसर्ग 35,000 क्युसेकच्या पुढे गेला होता. त्याच्या आधी आमच्या सोसायटीत क्युसेक हा शब्द धरणावर नोकरी केलेल्या एका आजोबांनाच माहीत होता. आता दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पावसाळ्यात भाजी निवडता निवडता सांगतात, "आज 9 हजारनी सोडलंय, काही नाही होत, 25 च्या वर गेलं की गाड्या काढायच्या." कुठला कोर्स केला त्यांनी? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. 35,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ 10 लाख लिटर, म्हणजे आपले ते 10 हजार लिटरवाले टँकर असतात ना, तसे 99 टँकर, एका सेकंदाला! हा हिशोब मी त्यांना करून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आधी कुणी असं सांगितलं का नाही?" 

हेच तर म्हणणं आहे. कुणी असं सांगत नाही.

म्हणून मग मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी बैठका सुरू केल्या. सुरुवात फजितीनेच झाली. मी भाच्याकडून पीपीटी बनवून घेतलं, 42 स्लाइड, मुळा-मुठेचा उगम, इतिहास, पानशेत, प्रदूषणाची कारणं, उपाय, शेवटी हात जोडलेली नदीमाता. चार जण आले. त्यातला एक वॉचमन, त्याची ड्युटीच तिथे होती. पंधराव्या स्लाइडला एक काका उठून गेले, म्हणाले दूध आणायचंय. संध्याकाळी 6 ला दूध! 

पुढच्या रविवारी पीपीटी नाही, काही नाही, फक्त एक प्रश्न विचारला. तुमच्या संडासातलं पाणी फ्लश केल्यावर कुठे जातं?

काय शांतता पसरली म्हणता. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, म्हणून तर विचारलं. कुणी म्हणालं सेप्टिक टँक, कुणी म्हणालं छे हो, ड्रेनेज लाइन आहे की आपली. सेक्रेटरी साहेबांनी घरी जाऊन बिल्डरच्या काळातला पिवळा पडलेला प्लॅन शोधून आणला. मग चेंबर शोधणं सुरू झालं, एकावर तर कुणीतरी तुळशीवृंदावन बांधून ठेवलं होतं. पुढच्या तीन रविवारी आम्ही चेंबरमागून चेंबर करत रस्त्यापर्यंत, मग रस्त्याच्या लाइनवरून खाली ओढ्यापर्यंत गेलो, सोबत लहान मुलं, त्यांना तर खजिन्याचा शोध असल्यासारखं झालं होतं. आणि तिथे काय दिसलं, तर लाइन फुटलेली, आणि निम्मं पाणी पंपिंग स्टेशनकडे जायच्या ऐवजी सरळ ओढ्यात. म्हणजे ज्या काळ्या पाण्याकडे पाठ करून मी गुटख्याच्या पुड्या वेचत होते त्यात माझ्या घरचंही पाणी होतं! त्या रविवारनंतर बैठकीला वीस-पंचवीस जण यायला लागले, न बोलावता. दूधवाले काकासुद्धा.

मग कुठे आम्ही शहराच्या हिशोबाकडे वळलो, आणि पहिल्यांदा जो घोळ निस्तरावा लागला तो नावांचा. तुम्ही पुण्याचे असाल तर प्रामाणिकपणे सांगा, "नदी सुधार" म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? आमच्याकडे निम्म्या लोकांना वाटत होतं की काठावर पाथवे आणि बाग करतायत तोच नदी साफ करायचा प्रकल्प. तसं नाहीये. प्रकल्प दोन आहेत. एक तो पेपरवाले "जायका" म्हणतात तो, जपानच्या कर्जातून सांडपाणी शुद्ध करायचा, मुळात 990 कोटींचा, 11 नवीन शुद्धीकरण केंद्रं, 396 एमएलडी क्षमता, कर्जाचा करार झाला जानेवारी 2016 मध्ये आणि मूळ वायद्याप्रमाणे जानेवारी 2022 मध्ये सगळं पूर्ण व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात जमिनीवर कामंच त्या सुमाराला सुरू झाली. आणि दुसरा तो नदीकाठ सुधार, 44 किलोमीटर काठाचा, 4,700 कोटींच्या घरातला, ज्याची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते मार्च 2022 मध्ये झाली. पहिला पाण्याचा, दुसरा काठाचा. शुद्धीकरण, पुनरुज्जीवन, सुशोभीकरण, हे तीन शब्द भाषणात एकाच दमात येतात पण तिन्हीचं बजेट वेगळं, टेंडर वेगळं, काम वेगळं. नवरी तापाने फणफणलीये आणि घरात मेंदी कुठली काढायची यावर चर्चा चाललीये असं मला वाटतं, पण ते माझं मत झालं. आमच्याच बैठकीत तिघांना काठावरचा रस्ता हवाच आहे, त्यांचं म्हणणं की लोक नदीजवळ येतील तेव्हाच नदीकडे बघतील, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फक्त भांडायचं तर कुठल्या प्रकल्पाशी भांडतोय एवढं तरी माहीत पाहिजे.

एमएलडी म्हणजे दिवसाला 10 लाख लिटर, आपल्या भाषेत 100 टँकर. 396 एमएलडी म्हणजे रोज 39,600 टँकर घाण पाणी साफ करायची सोय. असं सांगितलं की लोक लगेच पुढचा प्रश्न विचारतात, मग शहरात रोज तयार किती होतं? आणि आधीची केंद्रं (भैरोबा, नायडू, एरंडवणे, विठ्ठलवाडी, बोपोडी वगैरे) खरंच किती चालतात? आणि लोक वाढले की काय? बघा, कुणीही न शिकवता तीन बरोबर प्रश्न. बँकेत आम्ही याला प्रोजेक्ट अप्रेझल म्हणायचो आणि त्यासाठी माणसं ट्रेनिंगला पाठवायचो.

बीओडी मात्र जड गेलं. इंग्रजी नाव नकोच, पण मराठीत जे लिहितात ते "जैवरासायनिक प्राणवायू मागणी", हे ऐकून तर माणूस पळूनच जाईल. शेवटी खरकट्याने काम केलं. पाण्यात खरकटं पडलं की ते खायला जिवाणू येतात, खाताना ते पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, जितकं खरकटं जास्त तितका ऑक्सिजन जास्त लागणार आणि माशांना उरणार कमी. त्या खरकट्याला संपवायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा म्हणजे बीओडी. तपासतात कसं, तर पाणी बाटलीत बंद करून अंधारात 27 अंशांवर 3 दिवस ठेवतात आणि आधीचा ऑक्सिजन वजा नंतरचा. अंघोळीच्या लायकीच्या नदीत बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी हवा आणि विरघळलेला ऑक्सिजन 5 किंवा जास्त. एका काकूंनी तिथल्या तिथे विचारलं, "म्हणजे केंद्रातून साफ होऊन बाहेर पडणारं पाणीपण 3 असतं का?" 

नसतं. आणि इथे खरी गंमत आहे, जी मला स्वतःला हे शिकवायला लागेपर्यंत माहीत नव्हती. "स्वच्छ" म्हणजे किती स्वच्छ हे निसर्ग ठरवत नाही, माणसं ठरवतात, कागदावर. 2017 च्या केंद्राच्या अधिसूचनेत मेट्रो शहरांच्या (त्यात पुणं आलं) शुद्धीकरण केंद्रांसाठी बीओडी 20 आणि बाकीच्यांसाठी 30. मग 2019 मध्ये हरित लवादाने म्हटलं की नाही, 10 पाहिजे. तीच नदी, तेच पाणी, दोन वर्षांत "साफ" या शब्दाचा अर्थच बदलला, आणि कुणाच्या घरी याची चर्चा तरी झाली का? तुमच्या झाली असेल तर मला कळवा, मी पेढे घेऊन येते.

कोडाईकनालला हेच पाऱ्याच्या बाबतीत झालं. तिथे थर्मामीटरचा कारखाना होता, 2001 मध्ये बंद झाला, पारा मातीत आणि आजूबाजूच्या जंगलात गेलेला. पुढची बरीच वर्षं वाद काय, तर माती किती साफ करायची. किलोमागे 20 मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल असं ठरवलं गेलं आणि तिथले कार्यकर्ते त्याहून बराच कडक आकडा मागत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं साफसफाई चाललीये ना, मग भांडताय कशाला. भांडण त्या आकड्याचंच असतं. आणि तो आकडा ज्याला वाचता येत नाही त्याला भांडणात कुणी धरतच नाही.

पूररेषा हा आमच्या भागातला जिव्हाळ्याचा विषय, त्यावर दोन रविवार गेले. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. आता "25 वर्षांतून एकदा" ऐकलं की माणूस काय समजतो? 2024 ला येऊन गेला, आता 2049 पर्यंत झोपा. इथे माझी बँक कामाला आली. त्याचा अर्थ दरवर्षी 4 टक्के शक्यता. 4 टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण निळ्या रेषेवर घर घेऊन 20 वर्षांचं होमलोन काढलं तर लोन फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात यायची शक्यता 50 टक्क्यांच्या वर आहे. पाठीमागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं "आयला". माझ्या आईने पानशेतचा पूर, 12 जुलै 1961, स्वतः पाहिला होता, ती आयुष्यभर नदीकाठी घर नको म्हणत राहिली आणि मी ते ऐकलं नाही. असो.

हे सगळं कागदांतून कळतं आणि कागद मिळवणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. पण एक गोष्ट सांगते जी आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हती. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 महापालिका, जिल्हा परिषद, कलेक्टर ऑफिस अशा ठिकाणी जाऊन फायली बघायची सोय केलेली आहे (कुठे अजून चालू आहे ते आधी विचारून घ्या). पुण्यात ही पद्धत आधीपासून होती, 2018 मध्ये सरकारने जीआर काढून सगळ्या राज्याला लागू केली. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं तिकीट, 30 दिवस थांबा, हे सगळं नंतर, आधी नुसतं जाऊन बघा. आम्ही तिघी गेलो एका ऑफिसात (कुठलं ते सांगत नाही, उगाच त्या माणसाला त्रास). पहिल्या सोमवारी साहेब साइटवर. दुसऱ्या सोमवारी फाइल दुसऱ्या टेबलवर. तिसऱ्या सोमवारी तिथल्या क्लार्कने आम्हाला ओळखलं, खुर्च्या दिल्या, फाइल काढून दिली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, इथे कंत्राटदार सोडून ही फाइल मागायला कुणी आलेलं मी बघितलं नाही." मला वाटलं होतं की ते लपवतात. ते लपवत असतीलही कुठेतरी, पण इथे तर कुणी मागितलंच नव्हतं.

फाइल अर्थातच इंग्रजीत. तीनशे पानांचा डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, त्यात 40 पानं तर नुसती आमच्या शहराला किती थोर इतिहास आहे यावर. भाषेचा हा मुद्दा मला फार लागतो. 2020 मध्ये ईआयएचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या नियमांचा, नवा मसुदा आला होता, लॉकडाऊनमध्ये, तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता आणि देशभरातून हरकती मागवल्या होत्या. दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या 22 भाषांत भाषांतर करा. म्हणजे मच्छीमाराचं मत मागायचं आणि ते त्याला न येणाऱ्या भाषेत. आणि मराठीत आलं तरी ते आपलं मराठी असतं असं नाही, "सदर प्रकल्पाच्या अनुषंगाने प्रस्तावित हस्तक्षेपांचे परिमाण" म्हणजे काय ते आमच्या निवृत्त मराठीच्या बाईंनापण दोनदा वाचावं लागलं. आम्ही आता एक वही केलीये, शंभर पानी, ज्यात कागदातला शब्द डावीकडे आणि आपला शब्द उजवीकडे. विसर्ग म्हणजे सोडलेलं पाणी. मुख्य मलवाहिनी म्हणजे नदीला समांतर टाकलेली ती मोठी ड्रेनेजची लाइन. भराव म्हणजे भराव, तो एकच शब्द दोन्हीकडे सारखा आला तेव्हा सगळे खूश.

मग हरकती. पेपरमध्ये वधू-वर आणि "माझे नाव बदलले आहे" यांच्या शेजारी बारीक टायपात नोटीस येते, हरकती व सूचना 30 दिवसांत. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर 2013 मध्ये 87 हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, म्हणजे पुणेकर हरकत घेत नाहीत असं कुणी म्हणूच शकत नाही, तो आपला धर्मच आहे. पण त्यातल्या एकसारख्या छापील किती आणि स्वतः वाचून लिहिलेल्या किती? छापील फॉर्मवर सही करणं मी पण केलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते, नाव टाका, सेंड, झालं नागरिकत्व. हजार छापील हरकतींना उत्तर एकच येतं, "नोंद घेतली". म्हणून आमचा नियम, हरकतीत विशेषणं नकोत. नदी आपली माता आहे हे साहेबालाही माहीत आहे. पान क्रमांक लिहा, तिथे काय म्हटलंय ते लिहा, प्रत्यक्षात तुम्हाला काय दिसतं ते तारखेसह लिहा, आणि शेवटी एक प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर हो-नाही किंवा आकड्यातच देता येईल. "पान अमुकवर म्हटलंय की या ओढ्यातलं पाणी पूर्ण वळवलंय, आम्ही 4 रविवार फोटो काढलेत, चारही वेळा पाणी नदीत जातंय, तर वळवलेलं पाणी कुठे आहे?" याला "नोंद घेतली" म्हणून चालत नाही. म्हणजे चालतं, पण म्हणणाऱ्याला जड जातं. आमच्या एका पत्राला खरंच उत्तर आलं, दीड पानी, सहीचं. निम्मं टाळाटाळीचं होतं पण निम्म्यात माहिती होती आणि त्या फुटलेल्या लाइनचं काम चालू वर्षात धरलंय असं लिहिलं होतं. झालं का? पाइप येऊन पडलेत रस्त्याच्या कडेला, दोन महिने झाले, त्यावर कुत्री झोपतात.

मध्ये जवळजवळ चार वर्षं, मार्च 2022 ते जानेवारी 2026, पुण्याला नगरसेवकच नव्हते हेही लक्षात घ्या. सगळं प्रशासकाच्या सहीने. कितीतरी मोठे निर्णय याच काळात झाले, तेव्हा जाऊन ज्याच्या दारात ओरडावं असा माणूसच नव्हता. आता आलेत निवडून, आमच्याकडेही हात जोडून येऊन गेले. वहिनींनी त्यांना विचारलं, दादा, आपल्या वॉर्डातलं सांडपाणी किती एमएलडी? दादांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडे बघितलं, कार्यकर्त्याने मोबाइलकडे.

आता आमचं कौतुक पुरे, जरा उणी बाजू. पुण्यात 2006-07 पासून सहभागी अंदाजपत्रक आहे, म्हणजे तुम्ही फॉर्म भरून वॉर्ड ऑफिसला द्यायचा की माझ्या भागात हे काम करा. देशात फार कमी शहरांत हे आहे. आणि आम्ही पहिल्या वर्षी काय मागितलं असेल? बाकडी. मी स्वतः फॉर्म भरला, माझंच अक्षर आहे, "ज्येष्ठांसाठी 6 बाकडी". नाल्याच्या तोंडाला जाळी मागायचं सुचलंच नाही, कारण बाकडं दिसतं आणि जाळी दिसत नाही. आणि दुसरं, आमच्याच भागात छोटं शुद्धीकरण केंद्र करायचं म्हटलं तर कुठे, अशी नुसती कल्पना काढली बैठकीत, तर जे लोक चार महिने एमएलडी एमएलडी करत होते ते एका सुरात म्हणाले, इथे नको, वास येईल, फ्लॅटचे भाव पडतील. मग कुठे? पलीकडे. पलीकडे कोण राहतं? वस्ती. 

तेव्हा मला एकदम आमच्याकडे येणाऱ्या मावशी आठवल्या. अकरा वर्षं येतायत कामाला, ओढ्याच्या काठच्या वस्तीत राहतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला त्यात त्यांच्या बहिणीचं अख्खं घर वाहून गेलं. आमच्या रविवारच्या बैठकीला त्या कधी आल्या नव्हत्या आणि मी कधी बोलावलंही नव्हतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही. आमची वेळ संध्याकाळी 6, त्या वेळी त्या दोन घरचा स्वयंपाक करत असतात, त्यातलं एक घर माझंच! म्हणजे मी खाली पार्किंगमध्ये लोकसहभागावर बोलतेय आणि वर मावशी माझ्या पोळ्या लाटतायत. 

वेळ बदलली, दुपारी 4 केली. पहिल्या दिवशी मावशी आणि त्यांच्या शेजारच्या दोघी कडेला उभ्याच राहिल्या, खुर्चीवर बसेनात. मी नकाशा पसरला, फाइलमधून झेरॉक्स करून आणलेला, ओढा आणि नदी मिळते तो तुकडा. मावशींना वाचता येत नाही फारसं पण नकाशा त्यांनी माझ्यापेक्षा लवकर लावला, "हा पूल म्हणजे हा, हे मंदिर, मग आमची लाइन इथं पायजे." तिथे हिरवा रंग होता. आख्खी वस्ती हिरव्या रंगात, कागदावर तिथे मोकळी जागा आणि झाडं. आणि पूर कुठवर आला होता ते त्यांनी बोटाने दाखवलं, अमुक दगड, अमुक टपरी, मीटर बोर्डाच्या खालपर्यंत, सालासकट. त्यांची रेष कागदावरच्या निळ्या रेषेच्या पुढे, वस्तीत बरीच आत आली. कुणाची बरोबर ते मला माहीत नाही, पाण्याचा अभ्यास करणारी माणसं सांगतील. पण त्यांना कुणी हे विचारलेलंच नव्हतं हे मात्र नक्की. तिघींपैकी एक जण कचरावेचक आहे, तिने तर सांगितलं की नाल्याला सकाळी रंगीत पाणी कुठल्या वेळेला येतं, कारण ती त्या वेळेला तिथेच असते. आम्ही बाटल्या घेऊन दुपारी जात होतो नमुने घ्यायला. आम्हा शिकलेल्यांची सोयीची वेळ ना ती.

त्यामुळे लोकांना शिकवायचं वगैरे मी आता जरा कमी म्हणते. नवऱ्याने हे वाचून विचारलं, मग काय म्हणायचं? मला नाही सुचलं.

हे सगळं मुठेच्या एका तुकड्याचं. खाली ही मुळेला मिळते, मग दोघी मिळून भीमेला, मग उजनी, आणि ते उजनीचं पाणी सोलापूर पितं. माझी नणंद सोलापूरची. तिला फोनवर खरकट्याची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "वहिनी, म्हणजे तुमचं खरकटं आमच्या हंड्यात होय?" फोन ठेवायला पंचवीस मिनिटं लागली. तिला म्हटलंय तुमच्याकडेही सोमवारी 3 ते 5 असायला हवं, जाऊन बघ.

सध्या काम असं चाललंय की मावशींच्या रेषेचा नकाशा नीट काढायचा. सेक्रेटरी साहेबांचा मुलगा आर्किटेक्ट आहे, तो मोजायची टेप घेऊन येतो, मावशी दगड दाखवतात, दोन मुलं फोटो काढतात, तारीख आणि कुणी सांगितलं ते वहीत. दहा खुणा झाल्यात, अजून चौदा बाकी. पूर्ण झालं की जोडपत्र म्हणून लावून हरकत द्यायची, मसुदा मराठीच्या बाई लिहितायत, त्यांना ताकीद दिलीये की उपमा-अलंकार नकोत.

येत्या रविवारी दुपारी 4, बी विंगच्या पार्किंगमध्ये. भिंतीची उंची आणि पुराच्या पाण्याची रुंदी या दोन पानांवर बसणार आहोत, पान नंबर ग्रुपवर टाकलेत, वाचून या, नाही वाचलं तरी या. चहा आहे. खुर्ची आपापली आणायची, मागच्या वेळी सोसायटीच्या आठ खुर्च्यांपैकी सहाच परत आल्या. आणि पोळ्या आता मी सकाळीच करून ठेवते.